पाटाचे पाणी आणि कोठार

मिरजगावच्या माणसाला दुष्काळ नवा नाही. पण या मुलखातला दुष्काळ किती जुना आहे, हे पाहायचे तर श्रीगोंद्यापलीकडे, घोड नदीकाठच्या इनामगावी जावे लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी हे त्यातले प्रमुख संशोधक.

इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास तिथे शेतकरी वस्ती झाली. पुढे जोर्वे संस्कृतीच्या भरभराटीच्या काळात गावाने नदीचे पाणी बांध घालून पाटाने वळवले, जव पिकवले, चौकोनी प्रशस्त घरे बांधली. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार होते.

इ.स.पूर्व १००० नंतर चित्र पालटले. घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भिस्त वाढली. इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास लोकांनी हिजरत केली.

पाऊसमान घटले, हे ढवळीकरांनी सांगितलेले कारण. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या ग्रंथात त्याला हरकत घेतली. मात्र अखेरच्या काळातील मुलांच्या सांगाड्यांत वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांनाही दिसल्या. राजा-वजिरांच्या तवारिखेत न येणारी ही मुले आहेत. आभाळ फिरले की नाही, हा वाद चालू राहील. भूक आधी कोणाच्या घरी गेली, हे मात्र त्या हाडांनी सांगितले आहे.