हा कोणाचा माणूस?

निवडणुकीचा उमेदवार गावात आला की आमच्या भागात पहिला प्रश्न त्याच्या कर्तृत्वाविषयी नसतो. ‘हा कोणाचा माणूस?’ एवढेच विचारले जाते आणि उत्तर मिळाले की पुढचे काही विचारण्याची गरज बहुधा कोणाला वाटत नाही. शिकलेसवरलेले लोक या प्रश्नाला नाके मुरडतात. पण तोच प्रश्न ते स्वतः उलट्या बाजूने विचारत असतात. अमुक उमेदवाराची ऊठबस कोणाकडे आहे, त्याचा गुरू कोण, जुन्या छायाचित्रात त्याच्या खांद्यावर हात टाकून कोण उभे आहे, हे शोधून काढण्यात त्यांना मोठी धन्यता वाटते. एका प्रश्नात ओळख हे भांडवल असते, दुसऱ्यात तोच डाग असतो. या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी सामोरी गेलेली एक निवडणूक वाशिमात होऊन गेली. ती १९८० सालची.

त्या वेळी वाशिम हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. (जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. इंग्रजांच्या काळी मात्र ‘बासीम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. बासीम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. १९०५ मध्ये तो मोडला आणि पुसद यवतमाळकडे गेले.) लोकसभेच्या वाशिम मतदारसंघाने ही जुनी फाटाफूट थोडीफार सांधली होती असे म्हणता येईल. १९७७ मध्ये येथून वसंतराव नाईक निवडून गेले. त्या वर्षी आणीबाणीच्या रागापोटी उत्तर भारतातून काँग्रेस जवळजवळ वाहून गेली आणि महाराष्ट्रातही ४८ पैकी अवघ्या २० जागा तिच्या हाती राहिल्या. विदर्भ मात्र बव्हंशी जागचा हलला नाही. नाईकांनी अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपद सांभाळले होते. संकरित ज्वारी, कापसाची एकाधिकार खरेदी, बहात्तरच्या दुष्काळातली रोजगार हमीची कामे या गोष्टी लोकांनी स्वतः पाहिलेल्या होत्या. तेव्हा सत्त्याहत्तर साली वाशिमने काँग्रेसला मत दिले म्हणजे आणीबाणीवर शिक्का मारला, असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. मतदारांपुढे माणूस होता आणि त्याचे काम होते.

१८ ऑगस्ट १९७९ रोजी नाईक वारले. पाच महिन्यांच्या आत मध्यावधी निवडणूक आली आणि इंदिरा काँग्रेसने या मतदारसंघात उमेदवार दिला तो गुलाम नबी आझाद यांना. जन्म १९४९ चा, जम्मूकडील डोडा भागातल्या सोती या खेड्यातला. शिक्षण प्राणिशास्त्रात एम.एस्सी.; वय तीस. मराठी त्यांची भाषा नव्हे, वऱ्हाड त्यांचा मुलूख नव्हे. १९७७ मध्ये त्यांनी स्वतःच्या भागात विधानसभेची निवडणूक लढवून पाहिली होती आणि तेथे ते पडले होते. मग वाशिमच्या शेतकऱ्याला त्यांची ओळख द्यायची तरी कशी? एकाच तऱ्हेने देता येत होती: हा इंदिराबाईंचा माणूस, संजय गांधींच्या विश्वासातला.

आणि येथेच खरी अडचण आहे. आणीबाणी उठून तीन वर्षेही झाली नव्हती. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. शाह आयोगाचे अहवाल १९७८ मध्येच बाहेर आले होते आणि त्यांत संजय गांधींचे नाव जागोजागी होते. आझाद हे १९७५ पासून जम्मू-काश्मीर युवक काँग्रेसचे अध्यक्ष. म्हणजे त्यांची राजकीय वाढ नेमकी त्याच वर्तुळात झाली होती. १९७८ च्या डिसेंबरात इंदिराबाईंना अटक झाली, तेव्हा आंदोलन करून ते तिहारमध्ये जाऊनही आले. संगतीवरून माणूस पारखायचा तर याहून उघड संगत दुसरी सापडणार नाही. तरीही ते निवडून आले. राज्यात त्या वेळी इंदिरा काँग्रेसने ४८ पैकी ३९ जागा जिंकल्या.

पुण्या-मुंबईच्या बैठकीतले उत्तर ठरलेले असते: लाट होती, आणि मागास भागातला मतदार चिन्ह पाहून शिक्का मारतो. लाट होती हे खरेच. पण एवढ्याने भागत नाही. संजय गांधींशी असलेली जवळीक हा डाग मानायचा, तर तो कोणाकोणाला लागायला हवा होता, हेही पाहिले पाहिजे. सक्तीच्या नसबंदीचा कायदा करण्यास निघालेले राज्य कोणते? आपलेच. तीन मुलांनंतर आईबापांपैकी एकाने शस्त्रक्रिया करून घेतलीच पाहिजे आणि न केल्यास तुरुंगवास, अशा आशयाचे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले होते. तेव्हा मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही, इतकेच. ते संमत करणारे सभागृह आपल्या ओळखीच्या माणसांनी भरलेले होते. कोणी साखर कारखान्याचे, कोणी जिल्हा परिषदेतून वर आलेले. ती मंडळी संजय गांधींच्या मांडीला मांडी लावून बसलेली नव्हती, म्हणून त्यांच्याविषयी कोणी ‘संगत’ हा शब्द वापरला नाही. विधेयकाला दिलेले मत हे कृत्य होते, त्याची नोंद सभागृहाच्या दप्तरात आहे. आझादांची जवळीक ही केवळ जवळीक होती. चर्चा झाली ती मात्र जवळिकीची, आणि विधेयक आज फारसे कोणाला आठवतही नाही.

आमचा मुद्दा आझादांना निर्दोष ठरविण्याचा नाही. ज्याच्या आधाराने मनुष्य वर चढला, त्याच्या कृत्यांविषयी तो बोलला की गप्प राहिला, हे विचारण्याचा हक्क मतदाराला आहेच. मात्र तेथवर पोहोचण्यापूर्वीच आपण नावांची यादी करून मोकळे होतो.

याद्या करण्याची ही आवड नवी नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी (आनंदीबाईंचे पती, आणि स्वभावाने कळलावे म्हणावे असे) उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. त्यातून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या यादीत रानडे होते, तसेच टिळकही होते. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, आणि त्यावरून सुधारकांनीच त्यांना बोल लावले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगून वेळ निभावली. यादी पाहणाऱ्याला हे दोघे एकाच पंगतीचे वाटले असणार. पण पुढच्याच वर्षी संमतिवयाच्या विधेयकावर दोघे एकमेकांविरुद्ध उभे ठाकले. मिशनऱ्यांचा चहा कोणाच्या पोटात गेला, यावरून त्यांपैकी कोण कशाच्या बाजूने उभा राहील, याचा तिळमात्र अंदाज येत नव्हता. १८९५ मध्ये टिळक मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले. तेव्हाचे मतदार मूठभर होते, पण त्यांनी चहाचा पेला आडवा येऊ दिला नाही.

सातासमुद्रापलीकडेही हेच. २००८ मध्ये अमेरिकेत बराक ओबामा उमेदवारीसाठी झगडत असताना त्यांचे धर्मोपदेशक जेरेमाया राईट यांच्या जुन्या प्रवचनांतली जळजळीत वाक्ये दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवली गेली. बोलला उपदेशक, आणि उत्तर मागितले गेले ऐकणाऱ्याकडे. ओबामांनी १८ मार्चला फिलाडेल्फियात लांबलचक भाषण करून वंशभेदाचा सगळा इतिहास पुढे ठेवला, पण उपदेशकाला टाकले नाही. मेअखेर मात्र त्यांना ते चर्चच सोडावे लागले. त्यांना हेतुतः अडचणीत आणणारे होतेच, पण वीस वर्षे ज्याच्यापुढे बसून ऐकले त्याच्याविषयी प्रश्न निघणारच, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे म्हण आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ती आपण नेहमी दोष देण्यासाठी वापरतो. मुळात हा बैल राखणाऱ्याचा अनुभव आहे, आणि बैल राखणारा नुसत्या दावणीकडे पाहून थांबत नाही. गुण लागला की नाही, हे तो जुंपल्यावर पाहतो.

जुंपल्यावर काय झाले? २३ जून १९८० रोजी संजय गांधी विमान अपघातात गेले. ज्या ओळखीवर वाशिमचा खासदार ओळखला जात होता ती सहा महिन्यांच्या आत नाहीशी झाली, आणि खासदार मात्र राहिला. त्याच वर्षी आझाद अखिल भारतीय युवक काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १९८२ मध्ये केंद्रात उपमंत्री झाले, १९८४ मध्ये वाशिममधूनच पुन्हा निवडून आले. म्हणजे जवळजवळ एक दशक वाशिमचा प्रतिनिधी दिल्लीच्या सत्तेच्या अगदी आतल्या दालनात वावरत होता. ‘मोठ्याचा माणूस’ निवडला की मोठ्याचा हात मतदारसंघावर राहतो, हा त्या प्रश्नामागचा भाबडा नव्हे, चांगला रोकडा हिशेब असतो. तो हिशेब येथे जमला असे म्हणवत नाही. वाशिमवरून जाणारा अकोला-पूर्णा लोहमार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज होण्यास २००८ साल उजाडावे लागले. २०१८ मध्ये केंद्राने ‘आकांक्षित’ असे गोड नाव देऊन देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते आणि वाशिम त्यांतला एक. याचे खापर एका माणसाच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. १९८९ नंतरही खासदार झालेच की. पण ओळखीच्या बळावर विकास येतो, या समजाला पुरावा मागितला तर आमच्या जिल्ह्यापाशी तो नाही.

पुढे हेच आझाद राज्यसभेत विरोधी पक्षनेते झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांना निरोप देताना पंतप्रधान मोदींचा कंठ दाटून आला, आणि लगेच ‘हे कोणाचे माणूस?’ ही कुजबुज त्यांच्याच पक्षात सुरू झाली. २०२२ मध्ये पद्मभूषण मिळाल्यावर जयराम रमेश यांनी गुलाम आणि आझाद या दोन शब्दांवर कोटी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आझादांनी पक्ष सोडला. राजीनाम्याच्या दीर्घ पत्रात त्यांनी संजय गांधींच्या सांगण्यावरून आपण युवक काँग्रेसचे पद घेतल्याचे सांगितले आणि तुरुंगवासाचाही उल्लेख केला; पुढे राहुल गांधींभोवतीच्या खुशमस्कऱ्यांच्या कोंडाळ्यावर आणि निर्णय घेणाऱ्या स्वीय साहाय्यकांवर कठोर टीका केली. टीका योग्य असेल. पण ज्याला स्वतःला एका कोंडाळ्याने तीस वर्षांच्या वयात हजारभर मैलांवरच्या सुरक्षित मतदारसंघात आणून बसवले, त्याने ती करावी, यातली गंमत वाशिमकराला दिल्लीकराहून लवकर कळते.

त्यांच्या प्रदीर्घ कारकीर्दीत लोकसभेच्या निवडणुकीत यश आले ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा येथून. २०१४ मध्ये उधमपूरला ते पडले. वाशिमने मात्र १९८९ मध्ये कोणाचाच नसलेला, म्हणजे अपक्ष, उमेदवार निवडून पाहिला. अनंतराव देशमुख हे त्यांचे नाव, आणि माणूस याच मातीतला. दोन वर्षांनी पुन्हा निवडणूक आली तेव्हा तेही काँग्रेसचे उमेदवार होते, आणि तेव्हाही निवडून आले.