पावाच्या दोन कापांमधील इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु राष्ट्राची कसोटी पुष्कळदा रणांगणाइतकीच स्वयंपाकघरातही लागते. ज्ञातिबंधुभगिनींपुढे आज आम्ही जी हकीकत मांडणार आहोत ती इंग्लंडातील आहे, व तिचा विषय वरवर क्षुल्लक वाटावा असा आहे. तो विषय म्हणजे पावाच्या दोन कापांमध्ये, अर्थात सँडविचमध्ये, घालावयाचे सारण.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी इंग्लंडला लागणारे अन्न निम्म्याहून अधिक परदेशांतून बोटींनी येत असे. जर्मन पाणबुड्या त्या बोटी बुडवू लागल्या, तेव्हा सरकारला शिधावाटप करणे भाग पडले. ८ जानेवारी १९४० रोजी लोणी, साखर व डुकराचे खारवलेले मांस यांवर रेशन आले. लोणी आठवड्यास माणशी चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. आणि पुढे तेही घटले. चहा दोन औंसांवर आला. अंडे आठवड्यास एखादे मिळे. त्याची उणीव अमेरिकेहून आलेल्या अंड्यांच्या भुकटीने भरून काढावी लागे.

अशा स्थितीत कामावर जाणाऱ्या पतीच्या व शाळेत जाणाऱ्या मुलांच्या डब्यात काय द्यावे, हा तेथील गृहिणीपुढे रोजचा प्रश्न होता. तिने किसलेले गाजर पावात घातले. डब्यातील माशांचे वाटण पातळ थराने पसरले. भाजलेल्या मांसाची गळलेली चरबी मीठ लावून वापरली. काही नसेल तेव्हा नुसती साखर भुरभुरली. १९४० च्या अखेरीस केळ्यांची आयात बंद झाली. तेव्हा पार्स्निप नावाचे गाजराच्या जातीचे पांढरे कंद उकडून, कुस्करून, त्यांत साखर व केळ्याचा अर्क मिसळून 'खोटी केळी' सिद्ध झाली! अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या खात्याने काटकसरीच्या पाककृती पत्रकांतून व रेडिओवरून घरोघर पोहोचविल्या.

युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. युद्धकाळात मोकळा असलेला पावच १९४६ ते १९४८ या काळात रेशनवर आला! २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक झाला, त्या वेळी परदेशी पाहुण्यांच्या भोजनासाठी रोझमेरी ह्यूम व कॉन्स्टन्स स्प्राय यांच्या पाकशाळेने कोंबडीचा एक थंड पदार्थ केला. त्यात आपल्याकडील मसाल्यांची आठवण देणारी करी पावडर होती. हाच पदार्थ पुढे सँडविचचे लोकप्रिय सारण झाला. मांसावरील रेशन मात्र त्यानंतर, ४ जुलै १९५४ रोजी उठले.

त्या काळी लहान असलेली माणसे पुढे याच सारणांची गोडीने आठवण काढू लागली. परंतु ज्या माउलीने रांगेत तासन्‌तास उभे राहून ती सारणे जमविली, तिला त्यांचा कंटाळाच आला असला पाहिजे. मग आठवण्याजोगे त्यात होते काय? आमच्या मते, चव नव्हे, वाटणी. हॉटेलात कूपन लागत नसल्याने श्रीमंतांना पळवाट होती खरी; तथापि ठरलेला शिधा धनिक व मजूर यांना सारखाच होता, आणि अर्भकांचे मृत्यूचे प्रमाण युद्धाअखेरीस युद्धापूर्वीपेक्षा कमी झाले होते.

याच साम्राज्यात, याच वर्षांत, बंगालमध्ये काय घडले ते विसरता येत नाही. १९४३ साली तेथे तांदळाचे भाव गगनाला भिडले आणि सुमारे २० ते ३० लक्ष माणसे भुकेने व रोगराईने गेली. त्यांत भूमिहीन शेतमजूर व मासेमारी करणारे अधिक होते. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशन सुरू झाले. कलकत्त्यात ते १९४४ साली, पुष्कळ जीव गेल्यावर. लंडनच्या मुलाच्या डब्यात खोटे का होईना केळे पोहोचले. बंगालच्या मुलास पेजही मिळाली नाही. राज्यकर्ते एकच, मग न्याय दोन का? इतिहासाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

इंग्लंडात त्या काळच्या पाककृती छापील स्वरूपात जपल्या गेल्या, म्हणून आज ही कथा सांगता येते. आपल्या घरांत काय आहे? १९७२ च्या दुष्काळात रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी थापताना मोडे; ती कशी सावरावी, हे ज्यांना ठाऊक होते त्या माता-भगिनी आता थोड्याच उरल्या आहेत. दुष्काळी कामांवरील सुकडीची चव सांगणारेही वृद्ध झाले. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीजवळ बसून ही माहिती वहीत उतरवून घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. वंशावळीत पुरुषांची नावे आपण जपतो. त्यांना जगविणाऱ्या हातांची नोंदही आपल्या दप्तरी असावी.