मध्यम संगणकांवरील आज्ञावली-आवृत्त्यांचे व्यवस्थापन
व्यापारी कामासाठी वापरल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या संगणकांवर एकाच आज्ञावलीच्या अनेक आवृत्त्या सुव्यवस्थित ठेवणे, त्यांत झालेल्या बदलांची नोंद राखणे आणि वापरात असलेली आज्ञावली नेमक्या कोणत्या लिखित मजकुरापासून तयार झाली हे केव्हाही दाखवता येणे, या गोष्टींचा या विषयात समावेश होतो. आय. बी. एम. कंपनीच्या सिस्टिम/३ ते एएस/४०० या संगणकमालिकेवर या पद्धतीचा विकास स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

आज्ञावली दोन रूपांत अस्तित्वात असते. आर. पी. जी., कोबॉल यांसारख्या भाषेत लिहिलेला मजकूर ही तिची मूळ संहिता होय. भाषांतरकाने त्यापासून तयार केलेले यंत्ररूप प्रत्यक्षात चालते. दुरुस्ती करावयाची ती मूळ संहितेत. त्यामुळे ही दोन रूपे परस्परांशी जुळेनाशी झाली किंवा संहिताच हरवली, तर चालू असलेली वेतनाची वा बिलांची आज्ञावली सुरक्षितपणे बदलता येत नाही. शिवाय व्यापारी संस्थेत एकाच वेळी निदान तीन आवृत्त्या नांदत असतात : रोजच्या वापरातील, चाचणीसाठी काढलेली व नव्याने लिहिली जात असलेली. नव्या आवृत्तीचे काम चालू असता वापरातील आवृत्तीत तातडीची दुरुस्ती झाली आणि ती नव्या आवृत्तीत उतरवली गेली नाही, तर एकदा दूर केलेला दोष पुन्हा उद्भवतो.

सिस्टिम/३ हा संगणक १९६९ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी ९६ स्तंभांची लहान छिद्रपत्रे वापरीत. आज्ञावली पत्रांवर असे तोवर पत्रांचा गठ्ठा हीच आवृत्ती होती. १९७८ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३८ आणि २१ जून १९८८ रोजी जाहीर झालेल्या एएस/४०० या संगणकांत मूळ संहिता विशेष फाइलींत ‘मेंबर’ या स्वतंत्र घटकांच्या रूपाने ठेवली जाई. प्रत्येक ओळीसोबत सहा अंकी अनुक्रमांक व ती ओळ बदलल्याची सहा अंकी तारीख असे. तारखेवरून ओळ केव्हा बदलली ते कळे; पूर्वी तेथे काय होते, हे मात्र कळत नसे. यंत्ररूपासोबत संहितेची फाइल, लायब्ररी व मेंबर यांची नावे नोंदली जात. पण ही नोंद संहितेच्या जतनाची हमी देत नसे.

आवृत्त्या वेगळ्या ठेवण्याचे मुख्य साधन लायब्ररी हे होते. एकाच नावाच्या आज्ञावली वेगवेगळ्या लायब्रऱ्यांत ठेवता येत आणि लायब्ररींच्या यादीत जी प्रथम सापडे ती चाले. यादीचा क्रम बदलून चाचणी करणे त्यामुळे सोपे झाले; परंतु यादीत चुकीची लायब्ररी वर राहिल्यास भलतीच आवृत्ती चालण्याचा धोकाही निर्माण झाला. फाइलीची रचना बदलूनही आज्ञावलीचे पुन्हा भाषांतर केले नसेल, तर एएस/४०० वरील स्तर-तपासणी ती विसंगती ओळखून फाइल उघडू देत नसे. काम अडे, पण माहिती बिघडण्याचे टळे.

याच काळात अन्यत्र वेगळा मार्ग निघाला होता. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एस. सी. सी. एस. ही प्रणाली तयार केली. तीत प्रत्येक आवृत्तीची संपूर्ण प्रत न ठेवता केवळ फरक साठवले जात. पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिखी यांची आर. सी. एस. प्रणाली १९८० नंतरच्या दशकारंभी पुढे आली. एएस/४०० वर संहितेइतकेच यंत्ररूप, फाइली व पडद्यांचे आराखडे यांचे परस्परावलंबन महत्त्वाचे असल्यामुळे तेथे ‘बदल-व्यवस्थापना’ची साधने रुजली. ऑल्डन, सॉफ्टलँडिंग यांसारख्या कंपन्यांच्या साधनांत संहिता आपल्या नावे काढून घेणे, तिला कुलूप लावणे, चाचणीनंतर मान्यता देणे आणि अवलंबून असलेल्या आज्ञावलींचे पुन्हा भाषांतर करून सर्व घटक एकत्र वापरात आणणे असा क्रम असे.

या शिस्तीचे मोल दोन प्रसंगी दिसून आले. १९९५ मध्ये एएस/४०० नव्या ६४-बिट प्रक्रियकावर गेला. यंत्ररूपासोबत पुनर्निर्मितीची माहिती जतन केलेल्या आज्ञावली संहितेविना रूपांतरित झाल्या. जागा वाचविण्यासाठी ती काढून टाकलेल्यांना मूळ संहिताच आवश्यक ठरली. पुढे इ. स. २००० च्या तारीख-समस्येसाठी जुन्या संहिता तपासाव्या लागल्या. मुंबई-पुण्यातील कंपन्यांनीही परदेशी ग्राहकांसाठी असे काम केले. अशा कामात, हाती आलेली संहिता खरोखर वापरातील आज्ञावलीचीच आहे ना, हे ठरविणे ही पहिली पायरी असे.

मध्यम संगणक वापरणाऱ्या अनेक संस्थांत प्रोग्रॅमर मोजकेच असत. लिहिणारा, तपासणारा व वापरात आणणारा बहुधा एकच असे. अमेरिकेतील २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानंतर अंतर्गत नियंत्रणे सिद्ध करणे आवश्यक झाल्याने ही कामे विभागण्यावर भर आला. या मालिकेच्या प्रचालन प्रणालीस २००८ पासून ‘आय. बी. एम. आय’ असे नाव आहे. तीवर आता लिनस टोरवाल्ड्‌स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली ‘गिट’ ही प्रणालीही वापरली जाते. त्यासाठी संहिता मेंबरांतून साध्या फाइलींत हलविताना ओळींवरील जुन्या तारखा सहसा गळतात. त्या बदल्यात पुढील प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला आणि त्याआधी तेथे काय होते, याची नोंद मिळते. मूळ संहिता व चालू यंत्ररूप यांची सांगड मात्र गिट आपोआप घालत नाही. ती भाषांतर व स्थापनेच्या शिस्तीनेच राखावी लागते.