साखर चालली मोरसला

आमच्या लहानपणी लग्न परगावी असले तरी एस.टी.च्या टप्प्याबाहेर नसे. चिपळूणला गाडी बदलायची, दोन मुलांनी उलट्या करायच्या, की वऱ्हाड पोचलेच. त्यामुळे पुतणीने "काका, लग्न मॉरिशसला" असे जाहीर केले तेव्हा मी एवढेच विचारले, "का गं? रत्नागिरीचा समुद्र आटला की काय?" मुलगा बंगलोरचा, मुलगी पुण्याची. दोन्ही पक्षांना सारखेच गैरसोयीचे ठिकाण शोधताना मॉरिशस सापडले असावे.

खरा प्रश्न आत्याचा होता. वय ७९, दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. ती समुद्र ओलांडायला नाही म्हणणार, म्हणून मी भाषण तयार ठेवले होते. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, त्याआधी त्यांनी सेरामपूरच्या जाहीर सभेत आपण का जाणार ते सांगितले होते, वगैरे. आत्याने मला पहिल्या वाक्यातच तोडले.

"मॉरिशस म्हणजे मोरसच ना रे?"

"हो."

"मग मी येणार."

मोरस हा शब्द नव्या मंडळींना ठाऊक नसेल. पूर्वी पांढऱ्या दाणेदार साखरेला आपल्याकडे मोरस साखर म्हणत, कारण ती मॉरिशसहून येई. सोवळ्याची माणसे ती देवापुढे ठेवत नसत; स्वतः मात्र चहात दोन चमचे घालत. आमच्या घरात या शब्दाला आणखी एक अर्थ होता. पणजोबांचा थोरला भाऊ 'मोरसला गेला' आणि परतला नाही. पुढे कोणी उधारी बुडवून पसार झाला, तरी गावात तो 'मोरसला गेला' असेच म्हणत!

विमानात बसल्यावर मी वऱ्हाडाला इतिहास सांगू लागलो. (पळून जायची सोय नसलेले श्रोते पुन्हा कुठे मिळणार?) १८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतले. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. गुलाम सुटले, पण ऊस काही स्वतःहून तुटेना. मग मळेवाल्यांनी करार करून हिंदुस्थानातून मजूर नेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण पोर्ट लुईला उतरले. पुढे मद्रासहून गेले, मुंबईहून गेले. मुंबईच्या जहाजांत आपले कोकणातले होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार. १९२० पर्यंत हा आकडा पाच लाखांच्या जवळ पोचला.

"आपण अडतीस," सौ. म्हणाली. "त्यांच्यापेक्षा दोन जास्त. आणि पाच रुपयांत आता इथे पाणीसुद्धा मिळायचं नाही."

त्यांना शिडाच्या जहाजात कित्येक आठवडे लागत. आम्हाला सहा-साडेसहा तास लागले. तेवढ्यात जेवण गार होते म्हणून दोघे व्याही रुसले.

हळदीच्या दिवशी सगळे समुद्रात डुंबायला गेले. आत्या म्हणाली, "मला ते उतरले तिथं ने." आप्रवासी घाट बंदराला लागूनच आहे. १८४९ मध्ये तिथे मजुरांचा डेपो उभारला. आलेल्या माणसाला दोन दिवस ठेवून घेत, नंबर देत आणि मग मळ्यावर पाठवत. २००६ पासून ती जागतिक वारसा वास्तू आहे. मी वारसा शोधत होतो; आत्या पायऱ्या बघत होती. काळ्या दगडाच्या, अगदी आपल्या गावच्या तळ्याच्या असतात तशा.

"एवढंच?" ती म्हणाली. "मी उगीच घाबरून होते."

कागदपत्रे मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. पण आमच्याजवळ ना साल, ना जहाजाचे नाव. माणसाचे नावही नुसते 'थोरला'. थोरल्याला नंबर कितवा मिळाला, हे कसे सापडावे?

टॅक्सीवाला मराठी निघाला. म्हणजे बोलायचा क्रिओल, पण आडनावाच्या शेवटी 'जी'. कारकुनाने आजोबांचे नाव लिहिले, तेच घराण्याचे आडनाव झाले. रत्नागिरी त्याने नकाशातच पाहिलेली. मात्र गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि गणपतीची आरती त्याला सगळी पाठ होती. आमची मुले ती मोबाईलवर बघून म्हणतात.

आत्याने कमरेच्या पिशवीतून कागदाचा पुडा काढला. साखर! ज्या देशाच्या नावाने साखर ओळखली जाई, त्या देशात आमच्या आत्याने पुण्याहून पावशेर साखर आणली होती.

"थोरल्याला आवतण द्यायचं होतं," ती म्हणाली. "घरातल्या किती लग्नांना त्याला कुणी बोलावलंच नाही." मग पुडा टॅक्सीवाल्याच्या हातात ठेवून म्हणाली, "उद्या लग्नाला ये हो, बाळा. मुलीकडून."

मी तिचे म्हणणे मोडक्या फ्रेंचमध्ये समजावू लागलो. त्याला ते आधीच समजले होते.

दुसऱ्या दिवशी तो बायको-मुलांसह वेळेवर आला. आमच्या वऱ्हाडात वेळेवर आलेला तो एकटाच. तिथे पूर्वी मजुरांनी सप्तपदी घातली, तरी सरकारदरबारी नोंद नसेल तर कायदा ते लग्न मानत नसे. आत्याने मात्र त्याची नोंद तिथल्या तिथे केली. फोटोवाल्याला म्हणाली, "हा आमच्यातला. पहिल्या रांगेत घे."

अल्बम आला आहे. पाहुणे विचारतात, "हे कोण?"

आत्या सांगते, "मोरसला गेले होते ना, त्यांच्याकडचे."