रतनपुरुष : मराठवाड्याच्या धुऱ्यावरची व्हायोलेट

रतनपुरुष ही व्हायोलेट कुळातली लहान, बहुवर्षायू वनस्पती आहे. शास्त्रीय नाव हायबँथस एनिआस्पर्मस. उंची वीत-दीड वीत, बुंधा थोडा लाकडी, पाने अरुंद आणि एकाआड एक, फूल गुलाबी-जांभळे. आफ्रिकेचा उष्ण भाग, मादागास्कर, भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया एवढा तिचा पसारा. महाराष्ट्रात ती माळावर, गायरानात, शेताच्या धुऱ्यावर, रस्त्याकडेच्या गवतात पावसाळ्यात उगवते. तिला मुद्दाम कोणी लावत नाही. ज्याने एकदा वाकून तिचे फूल पाहिले, त्याला मात्र पुढच्या पावसाळ्यात गवताकडे नुसते गवत म्हणून पाहता येत नाही.

तिची मोठी बहीण जगभर गाजलेली आहे. युरोप-अमेरिकेत बर्फ वितळला की हिरवळीतून व्हायोला प्रजातीची जांभळी फुले वर येतात. अमेरिकेतली व्हायोला सोरोरिया ही जाती तर घरापुढच्या हिरवळीत इतकी रुळली आहे की इलिनॉय, विस्कॉन्सिन, न्यू जर्सी आणि ऱ्होड आयलंड या चार राज्यांनी व्हायोलेटला राज्यपुष्प केले आहे. त्याच अमेरिकेत हिरवळ एकसारखी राखू पाहणारे लोक तिला तण म्हणून उपटतात. ती सहजी हटत नाही. जमिनीखालचे जाड खोड शाबूत राहते आणि उन्हाळ्यात पानांखाली न उमलणाऱ्या कळ्या धरतात. या कळ्यांत आतल्या आतच परागण होऊन बी तयार होते. फुलांचा बहर सरला तरी झाडाचे काम असे चालूच राहते.

अशी वसंतातली हिरवळ मराठवाड्यात, वडीगोद्रीत शोधू नये. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. पुढे शहागडला हाच महामार्ग गोदावरी ओलांडतो. जून २०२४ मधल्या ओबीसी आरक्षणाच्या उपोषणामुळे वडीगोद्रीचे नाव राज्यभर पोहोचले. शेतकऱ्याच्या लेखी हा कापूस, तूर, सोयाबीन, ऊस आणि मोसंबीचा मुलूख. फाल्गुन-चैत्रात इथले गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि काळ्या रानाला भेगा गेलेल्या असतात. गवताचा वसंत इथे मृगाच्या पावसानंतर सुरू होतो आणि श्रावण-भाद्रपदात भरात येतो. पवना, मारवेल, हराळी वाढतात, त्यांच्या बुडाशी केना आणि विष्णुक्रांता निळी होतात आणि त्याच दाटीत रतनपुरुषाचे गुलाबी ठिपके दिसू लागतात.

व्हायोला प्रजातीच्या रानटी जातींना लागणारी थंडी आणि ओल महाराष्ट्रात सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी मिळते. शहरातल्या रोपवाटिकांत हिवाळ्यात मिळणारी पॅन्झी त्याच प्रजातीतली असली तरी ती बागेत घडवलेली. त्यामुळे मराठवाड्याच्या सपाटीवर कोणाला आपल्या पायाने आलेली, आपल्या मातीची व्हायोलेट पाहायची असेल, तर रतनपुरुष हेच उत्तर आहे.

फूल पाहायचे ते गुडघे टेकून. पानाच्या बगलेतून केसासारखा बारीक देठ निघतो. देठाला मध्ये एक सांधा असतो आणि टोकाशी तो किंचित वाकतो, त्यामुळे फूल खाली मान घालून असते. पाकळ्या पाच, पण पहिल्या नजरेला एकच दिसते. वरच्या दोन आणि बाजूच्या दोन पाकळ्या इतक्या आखूड की हिरव्या निदलांतून जेमतेम डोकावतात. खालची पाचवी पाकळी एक-दीड सेंटिमीटरची. तळाशी अरुंद दांडा आणि पुढे पसरट पाते, अगदी छोट्या फावड्यासारखी. तिच्यावर गडद जांभळ्या शिरा घशाकडे धावतात. तमिळमध्ये या झाडाला ‘ओरिदळ तामरै’ म्हणजे एका पाकळीचे कमळ म्हणतात. पाकळीचा हा थाट मराठीतल्या नावापेक्षा त्या नावाने जास्त नेमका पकडला आहे.

ही मोठी पाकळी म्हणजे कीटकांना उतरायची जागा. शिरांच्या रेघा त्यांना आतली वाट दाखवतात. पाकळीच्या तळाशी फुगीर पिशवी असते. पाच पुंकेसरांपैकी खालच्या दोघांना चिकटलेल्या ग्रंथींमधला मध तिथे साठतो. पुंकेसर एकमेकांना टेकून स्त्रीकेसराभोवती गोल उभे असतात आणि प्रत्येकाच्या माथ्यावर नारिंगी-पिवळी पातळ पापुद्री असते. मधासाठी तोंड आत घालणाऱ्या लहान माशीला या गर्दीला धक्का द्यावाच लागतो आणि कोरडे पराग तिच्या अंगावर सांडतात. नुसत्या डोळ्यांनी यातले निम्मेच दिसते. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग हाती असेल तर एका फुलापुढे अर्धा तास सहज जातो. शाळेतल्या मुलांना फुलाची रचना शिकवायला जास्वंद वापरतात, ते सोयीचे आहेच. पण परागणाचे एवढे यंत्र इतक्या कमी जागेत दाखवणारे दुसरे फूल धुऱ्यावर क्वचितच सापडेल.

फळ वाटाण्याहून लहान, गोल बोंड. पिकल्यावर ते तीन शकलांत उघडते. या कुळातल्या कित्येक जातींत शकले वाळताना मिटत जातात आणि त्या दाबाने बिया चिमटीतून सुटाव्यात तशा दूर उडतात. रतनपुरुषाचे बी फिकट पिवळसर, अंडाकार, लांबीच्या दिशेने कंगोरे असलेले. उन्हाळ्यात वरचा भाग वाळतो, बुंधा आणि मूळ मातीत टिकून राहतात आणि पावसाने पुन्हा फुटवे येतात. जनावरांनी शेंडा खाल्ला तरी झाड बुडापासून फांद्या काढते, म्हणूनच चराईच्या गायरानात ते तग धरू शकते.

शास्त्राच्या कागदावर या झाडाने बरीच घरे बदलली. लिनिअसने १७५३ साली त्याला थेट व्हायोला प्रजातीतच घातले होते. ब्रिटिश काळातल्या भारतीय वनस्पतिग्रंथांत ते आयोनिडियम सफ्रुटिकोसम या नावाने भेटते. आजचे रूढ नाव १८७६ सालचे, ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या फर्डिनांड फॉन म्युलर याने दिलेले. जनुकीय अभ्यासानंतर हायबँथस ही प्रजाती अनेक तुकड्यांत विभागली गेली आणि नव्या लेखनात हे झाड वेगळ्या प्रजातीनामाखालीही सापडते. कुळाबद्दल मात्र वाद नाही. सुमारे एक हजार जातींच्या व्हायोलेसीचा ते पक्का सदस्य आहे.

मराठवाड्याच्या वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थिओडोर कुक याचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रातल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांचा तो आजही आधार आहे. पण अंबड, जालना, औरंगाबाद हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, इलाख्यात नव्हता. त्यामुळे कोकण-दख्खनची झाडे नोंदली गेली आणि गोदावरीकाठची गायराने त्या पाहणीच्या हद्दीबाहेर राहिली. ही उणीव भरून काढण्याचे मोठे काम मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक वि. ना. नाईक यांनी केले. त्यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली औरंगाबादहून निघाला. इतक्या उशिरा का होईना, या प्रदेशाच्या गवतफुलांना स्वतःची नोंदवही मिळाली, आणि ती कोणत्याही लेण्या-किल्ल्यावरच्या पुस्तकाइतकीच जपण्याजोगी आहे.

फूल नसतानाही या झाडाकडे लक्ष ठेवणारे फुलपाखरू आहे. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेले, संथ उडणारे टॉनी कॉस्टर भारतात सगळीकडे दिसते. त्याच्या अळ्या कृष्णकमळाच्या कुळातल्या वेली खातात, तशाच रतनपुरुषाची पानेही खातात. कीटकशास्त्रज्ञ फाब्रिशियसने या फुलपाखराला दिलेले ‘व्हायोली’ हे नाव कीटकशास्त्राच्या पुस्तकांत दीर्घकाळ चालले. अळीच्या अंगावर काटेरी फांदोरे असतात, पण ती पिकाला हात लावत नाही. धुऱ्यावर अशी अळी दिसली म्हणून फवारा मारायचे कारण नाही.

औषधी म्हणून रतनपुरुषाला जुना मान आहे. लोकवैद्यकात आणि तमिळनाडूतल्या सिद्ध पद्धतीत त्याचे पंचांग शक्तिवर्धक म्हणून आणि मूत्रविकारांवर वापरतात. युनानीतला ‘बनफशा’ त्याच कुळातला, मात्र तो हिमालयाकडून येणारी व्हायोला. दोन्ही एक समजू नयेत. प्रयोगशाळेलाही या झाडाने कुतूहल दिले आहे. व्हायोलेट कुळात सायक्लोटाइड नावाची, दोन्ही टोके जोडलेली आणि आतून गाठ मारलेली छोटी प्रथिने असतात. ती उष्णतेला आणि पाचकरसांना सहजी दाद देत नाहीत. रतनपुरुषातल्या अशा अनेक सायक्लोटाइडांचा आणि पेशींवरच्या त्यांच्या मारक परिणामाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. याचा अर्थ झाड उपटून काढा करून प्यावे असा नाही. पेशी मारणारा पदार्थ बरी-वाईट पेशी आपणहून ओळखत नाही.

पंचांग म्हणजे मुळासकट सगळे झाड, आणि औषधाच्या मागणीतला धोका तिथेच आहे. बी पडण्याआधी उपटलेले रोप मागे काहीच ठेवत नाही. दुसरा आणि मोठा धोका तणनाशकाचा. मजूर मिळत नाहीत आणि खुरपणी परवडत नाही, हे शेतकऱ्याचे म्हणणे खरे आहे. पिकातल्या फवारणीबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण आता पंप धुऱ्यावरही फिरतो. उसात वापरले जाणारे टू-फोर-डी रुंद पानांची झाडे मारते आणि हराळी तशीच ठेवते, तर ग्लायफोसेट सगळेच जाळते. अमेरिकेतल्या व्हायोलेटला जमिनीखालच्या पसरत्या खोडाचा आधार असतो. रतनपुरुषाकडे तसे पसरते खोड नाही, त्याची सगळी मदार एका मुळावर आणि बियांवर आहे. धुरे दरवर्षी अरुंद होत आहेत, गायरानांवर अतिक्रमणे आहेत, आणि महामार्ग रुंद झाला तेव्हा कडेची गवताची पट्टीही मुरुमाखाली गेली.

यावर उपाय महागडा नाही. वडीगोद्री-अंबड पट्ट्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याने चारपैकी एका धुऱ्यावर फवारा मारू नये आणि तिथले गवत कार्तिकापर्यंत, म्हणजे बोंडे फुटेपर्यंत, कापू नये. शाळांनी मैदानाच्या कडेची हातभर पट्टी अशीच राखावी आणि श्रावणात मुलांना भिंग घेऊन तिथे बसवावे.