डॉलिस हिलची थोडी ओळख

मंडळी, गणपतीला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला आपण डॉलिस हिल लेनवरच्या महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूत जातो. आरती होते, जेवण होते, गप्पा होतात आणि रात्री आपण आपापल्या घरी परततो. मागे एकदा येताना मुलांनी विचारले, "इथे पूर्वी काय होते?" आम्हां मोठ्यांपैकी एकालाही सांगता आले नाही. म्हणून हा लेख.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीही इथे शेते आणि गवताची कुरणे होती. लंडन शहर अजून इथवर पोचले नव्हते. हा भाग मिडलसेक्समधल्या विल्सडनचा. टेकडीवर डॉलिस हिल हाऊस हे मोठे घर होते. लॉर्ड ॲबर्डीन यांच्याकडे पंतप्रधान ग्लॅडस्टन तिथे नेहमी पाहुणे येत. १९०० च्या उन्हाळ्यात लेखक मार्क ट्वेन तिथे राहिले. चारच वर्षांपूर्वी, १८९६ मध्ये, ते आपली मुंबई पाहून आले होते! १९०१ मध्ये घराभोवतीची जमीन ग्लॅडस्टन पार्क म्हणून सर्वांना खुली झाली.

१९०९ मध्ये डॉलिस हिल स्टेशन झाले आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान शेतांवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. म्हणजे इथले बहुतेक लोक आपल्यासारखेच बाहेरून आलेले. १९३३ मध्ये विल्सडनला बरोचा दर्जा आणि स्वतःचा मेयर मिळाला. त्याच वर्षी इथे पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्राची इमारत सुरू झाली. तिथे टॉमी फ्लॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी 'कोलॉसस' हे संगणकयंत्र बांधले. त्याच आवारात जमिनीखाली चर्चिल यांच्या युद्धमंत्रिमंडळासाठी तळघर खणले होते.

पॅरिसभोवतालच्या उपनगरांना आजही आपापली नगरपालिका आणि मेयर आहे. विल्सडनचे तसे राहिले नाही. १९६५ मध्ये ते वेम्ब्लीसह ब्रेंटमध्ये विलीन झाले.

आणि ते टेकडीवरचे घर? तिथे पुढे बरीच वर्षे चहापाण्याची सोय होती. ती बंद पडली, घर रिकामे राहिले आणि नव्वदीच्या दशकात त्याला आगी लागल्या. वाचवण्यासाठी स्थानिक लोक वर्षानुवर्षे झटले, पण पैसा उभा राहिला नाही. २०१२ मध्ये घर पाडले.

ग्लॅडस्टन आणि मार्क ट्वेन यांची नावे जोडलेले घरही टिकले नाही, तर आपल्या वास्तूचे काय? लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. सुरुवातीची पिढी गेली. वास्तूसाठी धडपडलेलेही आता थकले आहेत. तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी जाल तेव्हा अर्धा तास आधी निघा, मुलांना पार्कमधून फिरवून आणा, आणि नंतर एखाद्या आजी-आजोबांपाशी वही घेऊन बसवा. त्यांच्या आठवणी आणि जुने फोटो आमच्याकडे द्या. पुढच्या अंकांतून आम्ही ते जरूर छापू.