मधुमेहोपचारातील पथ्य व औषध : मलकापूर परिसराच्या संदर्भात

मधुमेहोपचारात पथ्य हे औषधाहून जुने आहे. चरकसंहितेने प्रमेहींना यव हे मुख्य अन्न सांगितले. १७९७ मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्याने मांसप्रधान आहाराचा पुरस्कार केला. १९२२ मध्ये इन्सुलिन रुग्णांना मिळू लागले, १९५७ मध्ये जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनविषयीचे अनुभव प्रसिद्ध केले आणि पथ्याचा कडकपणा सैलावत गेला.

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरसारख्या भातपिकाच्या टापूत कर्बोदके कमी करणे म्हणजे ताटच बदलणे होय. भाताऐवजी नाचणी घेतली की भागले, ही समजूत अपुरी आहे; नाचणीतही कर्बोदके विपुलच असतात. शिवाय ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना भात एकाएकी तोडल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यामुळे भाताचे माप घटविताना गोळीची मात्राही डॉक्टरांकडून त्याच वेळी ठरवून घ्यावी लागते.